शिबिराच्या जागीं बोअर: पाणी शोधणें, खोदणें व पारखणें

उन्हाळ्याच्या सुटींत मुलांचीं व तरुणांचीं शिबिरें भरविण्याची चाल आपल्या मंडळ्यांतून वाढत आहे. गांवापासून दूर, डोंगराच्या पायथ्याशीं, झाडांच्या सावलींत जागा पाहिली जाते. मंडप, स्वयंपाक, गायनाचीं पुस्तकें ह्या सर्वांचा विचार होतो. आणि पाण्याविषयीं कोणी विचारलें तर "टँकर मागवूं" किंवा "एक बोअर मारूं" असें उत्तर मिळतें. टँकर कोठें भरला हें टँकरवाल्यावांचून कोणास ठाऊक नसतें; आणि बोअर म्हणजे काय हें पुष्कळांस ती मारून पैसे दिल्यावरहि कळत नाहीं. शंभर-सव्वाशें मुलें तीन दिवस जें पाणी पिणार, त्याची जबाबदारी ज्या पंचांवर व उपदेशकांवर असते त्यांनीं हा विषय नीट समजून घ्यावा, म्हणून ह्या पाठांत उलव्याच्या परिसराचें उदाहरण घेऊन त्याचा विचार करावयाचा आहे.

उलवे हें रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यांतील खाडीकांठचें गांव. आज त्याच्या नांवानें नव्या मुंबईचा एक मोठा भाग वसला आहे. विमानतळासाठीं उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला, दहा गांवठाणें उठलीं, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. तेथील नळास पेण तालुक्यांतील हेटवणे धरणाचें पाणी येतें. तेव्हां खुद्द उलव्यांत शिबिरासाठीं बोअर मारण्याचें कारण नाहीं. परंतु तेथून कर्नाळ्याच्या बाजूस डोंगराकडे वळलें, कीं थोड्याच अंतरावर नळ संपतो व विहिरींचा मुलूख सुरू होतो. खालीं खाडी व वर डोंगर ह्यांमधला हा पट्टा आपल्या पाठास फार सोयीचा आहे. कारण खारें पाणी व कठीण खडक ह्या दोन्ही अडचणी येथें एकाच दिवसाच्या चालीवर भेटतात.

येथें पाऊस थोडा पडतो असें कोणी म्हणणार नाहीं. रायगड जिल्ह्यांत वर्षास सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस होतो. सोलापूर किंवा जालना जिल्ह्यास इतका पाऊस मिळावयास चार-पांच वर्षें लागतात. तरी चैत्र-वैशाखांत डोंगरावरील ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्यांतून बायका डोक्यावर हंडे घेऊन उतरतांना दिसतात. ह्याचें कारण जमिनीच्या पोटांत आहे. पाऊस चार महिन्यांत पडतो, उतार तीव्र आहे, आणि खालचा खडक फार थोडें पाणी पोटांत ठेवतो. बाकीचें ओढ्यांनीं खाडीस जातें.

हा काळा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वर आलेल्या तप्त रसाचा झालेला आहे. तो रस एकदांच आला नाहीं. एक लोट आला, थंड झाला, त्यावर दुसरा आला, अशी थरांवर थर रास झाली. प्रत्येक थराचा वरचा भाग वाफेच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र असतो. पुष्कळदां त्या छिद्रांत पांढरीं खनिजें भरलेलीं आढळतात. खालचा भाग घट्ट व अखंड असतो. दोन थरांमध्यें कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टा असतो. आतां पाणी ह्यांत कोठें राहणार? वरच्या मुरुमांत, सच्छिद्र भागांत, दोन थरांच्या सांध्यांत, आणि घट्ट खडकाला तडे गेले असतील तर त्या तड्यांत. अखंड काळ्या खडकांत शंभर मीटर गेलें तरी थेंब मिळत नाहीं. पुष्कळ लोकांची अशी समजूत असते कीं, खालीं कोठें तरी पाण्याची नदी वाहत आहे व पुरेसें खोल गेलें कीं ती लागते. वाळूच्या प्रदेशांत खोलीचा कांहीं उपयोग होतो. आपल्या खडकांत मात्र खालीं जावें तसतसे तडे मिटत जातात, आणि बोअरची मजुरी फुटावर असल्यामुळें "आणखी थोडें जाऊं" हा सल्ला कोणाच्या लाभाचा हें वाचकांनींच ओळखावें.

जुन्या लोकांस हा खडक चांगला समजला होता. कर्नाळ्याच्या किल्ल्यावर सुळक्याच्या पायथ्याशीं खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं आहेत. जो घट्ट खडक पाणी देत नाहीं तोच पाणी उत्तम सांठवितो, हें जाणून त्यांनीं आकाशांतलें पाणी धरून ठेविलें. शिबिराची जागा पाहतांना हा दुसरा मार्गहि मनांत ठेवावा. पावसाळ्याचें पाणी धरणारी मोठी टाकी कित्येक ठिकाणीं बोअरपेक्षां भरंवशाची ठरते.

पनवेलच्या भूमीचा आणखी एक विशेष आहे. देशावर हे थर बहुतेक आडवे आहेत. पनवेलजवळ मात्र ते पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, वांकलेले आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ ऑडेन ह्यांनीं १९४९ सालीं ह्या वांकाचें वर्णन केलें, व तो "पनवेलचा वांक" म्हणून शास्त्रांत प्रसिद्ध आहे. ह्या भागांत खडकांतून भिंतीसारख्या उभ्या घुसलेल्या काळ्या दगडाच्या पट्ट्याहि पुष्कळ आहेत. अशी पट्टी धरणासारखी पाणी अडविते. तिच्या चढाच्या अंगास विहिरीला पाणी लागतें आणि उताराच्या अंगास, पन्नास पावलांवर, बोअर कोरडी जाते. "शेजाऱ्याला लागलें म्हणून आम्हांसहि लागेल" हा तर्क येथें कां फसतो तें ह्यावरून कळेल.

जागा निवडतांना नारळ हातावर धरून किंवा बेचक्याची काठी घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यास बोलाविण्याची रूढि आहे. त्याचा नारळ उभा राहिल्यानें पाणी लागतें असें कोणत्याहि काळजीपूर्वक घेतलेल्या परीक्षेंत सिद्ध झालेलें नाहीं. पण ह्यांतील कित्येक माणसें चाळीस वर्षें त्याच डोंगरांत हिंडलेलीं असतात; कोणतें झाड वैशाखांतहि हिरवें असतें, कोणता ओढा शेवटीं आटतो, हें त्यांस ठाऊक असतें. त्यांच्या नारळापेक्षां त्यांच्या आठवणींस विचारावें. त्यानंतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे अर्ज करावा किंवा जाणत्या भूशास्त्रज्ञास बोलवावें. हे लोक जमिनींत चार सळया ठोकून विजेचा प्रवाह सोडतात व जमीन त्यास किती अडथळा करिते तें मोजतात. घट्ट कोरडा खडक पुष्कळ अडथळा करितो, ओला मुरूम थोडा. मात्र खारें पाणी सर्वांत थोडा अडथळा करितें. म्हणून खाडीजवळ जें चिन्ह "येथें भरपूर पाणी" असें दिसतें, तें मिठाचेंहि असूं शकतें.

खारेपणाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगणें जरूर आहे. समुद्राचें पाणी गोड्या पाण्यापेक्षां जड असतें: एक लिटर गोडें पाणी १,००० ग्रॅम भरलें तर तितकेंच समुद्राचें पाणी सुमारें १,०२५ ग्रॅम भरतें. ह्यामुळें किनाऱ्याच्या भूमींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. हॉलंड व जर्मनी येथील दोघां विद्वानांनीं, घायबेन व हर्झबर्ग ह्यांनीं, निरनिराळा विचार करून एकच हिशेब काढिला: समुद्रसपाटीच्या वर गोडें पाणी एक मीटर उभें असेल तर खालीं सुमारें चाळीस मीटरपर्यंत गोडें पाणी असतें. हें ऐकावयास सुखाचें वाटतें, पण त्याची उलट बाजू पाहावी. उपसून वरची पातळी एक मीटर खालीं आणली, तर खालचें खारें पाणी चाळीस मीटर वर येऊं पाहतें. तडे गेलेल्या खडकांत हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाहीं. एकादा तडा खाडीपर्यंत गेला असेल तर खारें पाणी त्याहूनहि लवकर येतें. म्हणून उलव्यासारख्या खाडीकांठच्या जागीं गोड्या पाण्यासाठीं अधिक खोल जाणें हें बहुधा आपल्याच हातानें मीठ बोलाविणें होय. तेथें उथळ विहीर, थोडा उपसा व पावसाचें टाकें हाच शहाणपणाचा मार्ग. एकदां खारावलेली बोअर पुन्हां गोडी व्हावयास कित्येक पावसाळे लागतात, आणि कित्येकदां ती होतच नाहीं.

समजा, आपण खाडीपासून दूर, डोंगराच्या पायथ्याच्या रुंद खोऱ्यांत, ओढ्याच्या जवळ पण पुराच्या रेषेच्या वर जागा निवडली. अभयारण्याच्या हद्दींत तर बोअरचा विचारहि करूं नये. कर्नाळ्याचें अभयारण्य १९६८ पासून आहे. आतां मशीन बोलाविण्यापूर्वीं शेजाऱ्यांचा विचार करावा. शिबीर वर्षांत दहा-पंधरा दिवस भरतें, पण जवळची वाडी बारा महिने त्याच खडकांतलें पाणी पिते. आपण नेमके वैशाखांत, म्हणजे तिच्या अडचणीच्या वेळीं, पंप लावून दिवसास हजारों लिटर उपसणार. वाडीची विहीर त्याच तड्यावर असली तर आपली मुलें आंघोळ करतील व वाडीच्या मुलांचे हंडे रिकामे राहतील. महाराष्ट्रांत १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास मनाई केली; त्यानंतरचा अधिक व्यापक असा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. ग्रामपंचायतीकडे व तहसील कचेरींत विचारून, लेखी परवानगी हातीं घेऊन मगच काम सुरू करावें. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायांत इसहाकाच्या व गराराच्या गुराख्यांमध्यें विहिरींवरून भांडण झालें व इसहाक दोन विहिरी सोडून पुढें गेला, ही कथा वाचकांस माहीत आहे. आपल्या भागांत पुढें जाण्यास तितकी मोकळी भूमि राहिलेली नाहीं. म्हणून भांडणाचें कारण आधींच टाळावें.

खोदण्याच्या कामाचा मिशनांच्या इतिहासाशीं जवळचा संबंध आहे. १९६० नंतरच्या दशकांत दुष्काळी मराठवाड्यांत जालना येथें चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशननें खेडोपाडीं बोअर खोदण्याचें काम हातीं घेतलें. तोंपर्यंत जड छिन्नी दोरानें वर उचलून खालीं आदळीत खडक फोडीत असत, व एका बोअरला आठवडेच्या आठवडे लागत. दाबलेल्या हवेवर चालणारा हातोडा थेट भोंकाच्या तळाशीं नेण्याची युक्ति आल्यावर तेंच काम एक-दोन दिवसांत होऊं लागलें. १९६७ च्या सुमारास युनिसेफनेंहि अशीं यंत्रें भारतांत आणिलीं. पण बोअर झाल्यावर नवी अडचण उभी राहिली. बिडाचे जे हातपंप बसविले जात ते एका कुटुंबाच्या वापरासाठीं घडलेले होते. सबंध गांव दिवसभर ते हालवूं लागतांच मोडून पडत. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणींत सुमारें तीनचतुर्थांश पंप बंद आढळले. जालन्यास एका खिळीवर फिरणारा मजबूत पंप घडविण्यांत आला, तो "जालना पंप". सोलापुरास त्यांत सुधारणा झाली, तो "सोलापूर पंप". आणि त्याच घडणीवरून पुढें युनिसेफ व सरकार ह्यांच्या सहकार्यानें "इंडिया मार्क दोन" हा हातपंप तयार झाला. आज भारतांत खेडोपाडीं दिसणारा तो लांब दांड्याचा पंप तोच. आफ्रिकेंतल्या कित्येक देशांतहि तो गेला. मराठवाड्याच्या व सोलापुराच्या लोहारकामांतून ही वस्तु निघाली, हें आपल्या पुष्कळ लोकांस ठाऊक नाहीं.

आजची बोअरची गाडी त्याच हवेच्या हातोड्यावर चालते. प्रथम माती व मुरूम ह्यांतून मोठें भोंक पाडून त्यांत केसिंग पाइप उतरवितात. येथें पंचांपैकीं एकानें उभें राहून पाहावें. पाइप मुरूम संपून घट्ट खडकांत निदान एक-दोन मीटर गेला पाहिजे, आणि पाइपाच्या बाहेरची पोकळी सिमेंटच्या रब्ब्यानें भरली पाहिजे. पैसे वांचविण्यासाठीं पाइप आंखूड ठेवितात व पोकळी मुरुमानेंच बुजवितात. मग पहिल्या पावसांत अंगणांतलें घाण पाणी पाइपाच्या कडेनें सरळ आंत उतरतें. पुढें सांगितलेल्या सर्व परीक्षा ह्या एका चुकीनें व्यर्थ जातात.

पाइप बसल्यावर साडेसहा इंची बिट खडक फोडीत खालीं जातें व हवा खडकाचा चूर वर फेंकते. प्रत्येक तीन मीटरांचा चूर मूठभर घेऊन ओळीनें कागदावर मांडावा व बाजूला खोली लिहावी. राखी-काळा चूर म्हणजे घट्ट खडक. पांढरे कण म्हणजे सच्छिद्र भाग. तांबडा चूर म्हणजे थरांचा सांधा. कोरडी धूळ थांबून चिखल येऊं लागला म्हणजे ओल लागली. कोणत्या खोलीवर किती पाणी वाढलें तें तेथल्या तेथें लिहावें; पंप कोठें टांगावयाचा हें पुढें ह्याच टिपणावरून ठरतें. बाहेर येणारें पाणी चरांतून नेऊन पत्र्याच्या त्रिकोणी खांचेवरून सोडितात, व खांचेंतील पाण्याच्या उंचीवरून प्रवाह मोजितात. काटकोनी खांचेंत ५ सेंटिमीटर उंचीचें पाणी म्हणजे मिनिटास सुमारें ४६ लिटर. उंची दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाहीं, साडेपांच पटींहून अधिक होतें. हें ठाऊक नसल्यानें लोक फसतात, कधीं आनंदांत, कधीं निराशेंत. शिवाय हवेच्या जोरानें उसळलेलें पाणी हें बोअरचें रोजचें देणें नव्हे.

खरी परीक्षा पुढेंच आहे, आणि बहुतेक ठिकाणीं तीच वगळतात. गाडीवाला अर्धा तास पाणी उडवून "इतक्या इंची पाणी" म्हणून सांगतो, पंच संतोषानें पैसे देतात, व वैशाखांत तिसऱ्या दिवशीं पंप हवा ओढूं लागतो. असें कां होतें तें हिशेबानें पाहूं. समजा, बोअर ५८ मीटर खोल आहे व पाणी जमिनीखालीं ८ मीटरांवर उभें आहे. म्हणजे आंत ५० मीटर पाणी आहे. साडेसहा इंच रुंदीच्या भोंकांत दर मीटरास सुमारें २१ लिटर पाणी मावतें. तेव्हां नुसत्या भोंकांतच हजार लिटरांहून थोडें अधिक पाणी सांठलेलें आहे. मिनिटास ६० लिटर उपसणारा पंप लाविला तर खडकांतून एक थेंब न येतांहि तो सुमारें सतरा-अठरा मिनिटें जोरांत वाहील. अर्ध्या तासाच्या परीक्षेंत आपण खडकास विचारीतच नाहीं. भोंकांतला सांठा उपसून त्यालाच खडकाचें उत्तर समजतों.

प्रथम आपली गरज काढावी. माणशीं दिवसास ४५ लिटर धरले तर १२० माणसांस ५,४०० लिटर लागतील. मिनिटास २० लिटर देणारी बोअर हें पाणी साडेचार तासांत देते. म्हणजे मोठ्या बोअरची गरजच नाहीं. लहान पण टिकाऊ बोअर आणि दहा हजार लिटरांची टाकी पुरे. ज्या मंडळीस हा हिशेब ठाऊक नाहीं ती दोन इंची पाण्याच्या हव्यासानें दुसरी व तिसरी बोअर मारिते.

परीक्षा एप्रिलच्या शेवटीं किंवा मे महिन्यांत घ्यावी. पावसाळ्यानंतर घेतलेली परीक्षा म्हणजे पगाराच्या दिवशीं माणसाची श्रीमंती मोजणें आहे. आदल्या दिवसापासून पंप बंद ठेवून स्थिर पातळी मोजावी. नंतर तोटी आंवळून पहिला तास मिनिटास १० लिटर, दुसरा तास २०, तिसरा तास ३० असा उपसा करावा. वीस लिटरची बादली व सेकंदाचें घड्याळ एवढें साहित्य पुरतें. प्रत्येक वेळीं पातळी किती उतरली तें लिहावें. समजा, १० लिटरांस ती ३ मीटर उतरली, २० लिटरांस ७ मीटर, पण ३० लिटरांस १९ मीटर उतरली व अजून उतरतच आहे. पाणी ८ मीटरांवर उभें होतें, तें आतां २७ मीटरांवर गेलें. आपलें टिपण पाहिलें तर मुख्य ओल २५ मीटरांवर लागल्याचें दिसतें. अर्थ उघड आहे: पातळी त्या तड्याच्या खालीं गेली, तडा उघडा पडला, व त्याच्यावर पाण्याचा दाब राहिला नाहीं. ह्या बोअरकडून मिनिटास २० लिटरांहून अधिक मागूं नये.

मग बोअरला एक दिवस विश्रांति देऊन पातळी पूर्वीच्या जागीं आल्यावर २० लिटरांनीं निदान बारा तास अखंड उपसा करावा. उपसलेलें पाणी पाइपानें दूर ओढ्यांत सोडावें. जवळच सोडिलें तर तेंच मुरुमांतून परत येऊन परीक्षा खोटी करितें. पहिल्या तासास पातळी १५ मीटर, चौथ्यास १६.५, आठव्यास १७.२, बाराव्यास १७.५ अशी आली, तर उतार मंदावत आहे व पातळी तड्याच्या पुष्कळ वर आहे. ही बोअर शिबिरास पुरेल. दर तासास सारखीच खालीं जात असेल तर ती आज नाहीं तर उद्यां संपणार.

पंप बंद केल्यावर घरीं जाऊं नये. पाणी परत चढतें कसें, हें परीक्षेचें उत्तरार्ध आहे, व माझ्या मतें अधिक प्रामाणिक उत्तरार्ध. कारण त्या वेळीं पंप, वीज, तोटी ह्यांपैकीं कशाचीच गडबड नसते. पहिलीं दहा मिनिटें दर मिनिटास, नंतर दर अर्ध्या तासास पातळी लिहावी. जितका वेळ उपसलें तितक्याच वेळांत ती ८ मीटरांच्या जवळ परतली तर बरें. ती १० मीटरांवरच अडकून राहिली, तर खडकाच्या लहान सांठ्यांतलें पाणी आपण खर्च केलें आणि त्यास मागून पुरवठा नाहीं, असें समजावें. अशी बोअर पहिल्या शिबिरास पाणी देईल, दुसऱ्यास देणार नाहीं.

ह्याच वेळीं दुसरा एक मनुष्य वाडीच्या विहिरीवर बसवावा. उपसा सुरू होण्यापूर्वीं, चालू असतांना व नंतर तेथील पातळी मोजून लिहावी, आणि वाडीच्या लोकांसमक्ष लिहावी. त्यांनीं पाणी भरल्यानें किती उतरलें तेंहि विचारून घ्यावें. आपल्या उपशानें ती विहीर उतरते असें दिसलें तर शिबिरानें आपला उपसा कमी करावा, रात्रीं करावा, किंवा टाकीच्या पाण्यावर भागवावें. वाडीस "तुमची विहीर तशीच आटते" असें सांगूं नये. आपल्या वहींत आंकडे असतील तर खरें काय तें दोघांसहि कळेल.

आतां पाण्याचे गुण. पाणी स्वच्छ दिसतें, गार लागतें, म्हणून चांगलें, हें म्हणणें धोक्याचें आहे. अखंड उपशाच्या शेवटीं रासायनिक परीक्षेसाठीं नमुना घ्यावा; खाडीच्या बाजूस असेल तर आरंभीं, मध्यें व शेवटीं असे तीन नमुने घ्यावेत, म्हणजे मीठ वाढत आहे कीं काय तें दिसेल. भारतीय मानकाप्रमाणें एक लिटर पाण्यांत विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, व दुसरें पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. क्लोराइड २५० पर्यंत असावें, अगतिक स्थितींत १,००० पर्यंत. फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर नसावें. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर तें पाणी पिण्यास, विशेषेंकरून तान्ह्या मुलांस, देऊं नये. जवळ उकिरडा किंवा शोषखड्डा असल्याची ती खूण असते. तडे गेलेल्या खडकांत घाण गाळली जात नाहीं, ती नळींतून जावी तशी जाते. म्हणून शिबिराचे संडास बोअरच्या उताराच्या अंगास व निदान तीस मीटर दूर असावेत. जागा असेल तर त्याहून दूर.

जंतूंची परीक्षा वेगळी. ती घेण्यापूर्वीं बोअर शुद्ध करावी. वरील बोअरमध्यें सुमारें १,०५० लिटर पाणी आहे. लिटरास ५० मिलिग्रॅम क्लोरीन पडावें असें धरलें तर ५२ ग्रॅम क्लोरीन लागेल. बाजारच्या ब्लीचिंग पावडरमध्यें क्लोरीन चौथा हिस्सा धरला तर सुमारें २१० ग्रॅम पावडर होते. ती बादलींत कालवून, गाळ खालीं बसूं देऊन, वरचें पाणी बोअरमध्यें ओतावें, एक रात्र ठेवावें, व दुसऱ्या दिवशीं वास जाईपर्यंत उपसून टाकावें. जुन्या, उघड्या पिशवींतली पावडर निर्जीव झालेली असते. ती स्वस्त मिळाली तरी घेऊं नये. क्लोरीनचा अंश पुरा गेल्यावर प्रयोगशाळेंतून आणलेल्या निर्जंतुक बाटलींत नमुना घ्यावा, तो बर्फांत ठेवून त्याच दिवशीं पोंचवावा. बाटलीच्या तोंडास बोट लागलें तर आपल्या बोटाचीच परीक्षा होते. १०० मिलिलिटर पाण्यांत विष्ठेचा एकहि जंतु नसावा, असें मानक आहे. शिबिराच्या दिवसांत टाकींत रोज क्लोरीन घालावें, व अर्ध्या तासानंतर पाण्यांत लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम अंश शिल्लक आहे कीं नाहीं हें चांचणीच्या लहान पेटीनें पाहावें. हें काम एकाच नेमलेल्या माणसाकडे असावें. सर्वांकडे दिलेलें काम कोणीच करीत नाहीं.

पंपाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. वीज नसेल व माणसें थोडीं असतील तर इंडिया मार्क दोन पुरतो; तो मिनिटास सुमारें बारा लिटर देतो, म्हणजे ५,४०० लिटरांस साडेसात तास दांडा हालवावा लागेल. तरुणांच्या शिबिरास ही शिक्षा वाईट नाहीं, पण लहान मुलांच्या शिबिरास सौर पंप किंवा पाण्यांत बुडणारा विजेचा पंप बसवावा. तो मुख्य तड्याच्या खालीं टांगला तरी तोटी २० लिटरांवरच आंवळून ठेवावी.

शेवटीं तोंडाची गोष्ट. उघड्या बोअरमध्यें मुलें पडून मेल्याच्या बातम्या वाचकांनीं वाचल्या असतील. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं ह्याविषयीं नियम घालून दिले आहेत: काम सुरू करण्यापूर्वीं पंधरा दिवस अधिकाऱ्यांस कळवावें, कामाच्या जागीं फलक व कुंपण असावें, पाइपाभोंवतीं अर्धा मीटर लांब-रुंद सिमेंटचा चौथरा, ३० सेंटिमीटर जमिनीवर व ३० सेंटिमीटर जमिनींत, बांधावा, पाइपाचें तोंड पोलादी झांकण डाखून किंवा नटबोल्टानें आंवळून बंद करावें, पंप दुरुस्तीस काढिला तरी तें उघडें ठेवूं नये. जी बोअर कोरडी गेली तिचें तोंड नुसतें दगडानें झांकून मंडळी घरीं जाते, कारण तिच्यावर झालेला खर्च कोणास आठवावासा वाटत नाहीं. तीच सर्वांत धोक्याची. गाडी परत जाण्यापूर्वींच माती, वाळू, खडी व निघालेला चूर घालून ती तळापासून जमिनीपर्यंत भरून घ्यावी, आणि ती भरल्यावरच गाडीवाल्याचा शेवटचा हप्ता द्यावा.